सरांनी मिशी काढली

प्रिय अन्वी आणि निहार,

मागे फोनवर तुम्ही मला एक साधा प्रश्न विचारलात. डिसेंबरात आपण सगळे जहाजावर जाणार, बेटाजवळ पाण्यात उतरून मासे बघणार, तर तोंडावरचा मास्क आणि श्वासाची नळी आजीने स्वतःची आणायची की जहाजावरची घ्यायची? मी "कळवते" म्हणाले आणि फोन ठेवला. आजी पाण्याला घाबरली, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. हाच प्रश्न आठ-नऊ वर्षांपूर्वी आमच्या काष्टीच्या घरी, कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून, एका माणसाने मला विचारला होता. त्याच्या उत्तरापायी एक जिवंत म्हातारी बाई अर्धा दिवस मेलेली होती आणि ती गेल्याची बातमी शाळेच्या फळ्यावर मी माझ्या हाताने लिहिली होती.

तुमच्या आईला हे अर्धवट माहीत आहे, कारण मी तिला कधी नीट सांगितलंच नाही. सर गेले त्याला आता दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, घर आवरताना एक पत्र्याचा डबा मला इथे नगरच्या घरी पाठवून दिला, आणि त्याच आठवड्यात तुमचा प्रश्न आला. म्हणून आता लिहिते.

सर आमचे शेजारी. मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे, ते भूगोल. उंच, जरा वाकलेले, डोळ्यांवर उणे आठ नंबरचा चष्मा. चष्मा काढला की समोर मी उभी आहे की दार, हे त्यांना सांगता येत नसे. चष्म्याखाली मिशी होती. पांढरी, जाड, दोन्ही टोकांना पीळ दिलेली. चेहऱ्यावर तेवढी एकच गोष्ट त्यांनी हौसेने ठेवली होती. बाकी सगळा माणूस गैरसोयीचा.

त्यांचा एक नेम होता. कोणाची वस्तू वापरायची नाही आणि आपली कोणाला द्यायची नाही. स्टाफरूममध्ये त्यांचा स्वतःचा कप, आणि तो धुवायचं फडकंसुद्धा स्वतःचं. शाळेचा खडू बोटात नीट बसत नाही म्हणून खडू घरून आणायचे. लग्नाच्या पंगतीत बसले की पिशवीतून ताट-वाटी काढायचे आणि यजमान ओशाळून बघत राहायचे. पेपर तपासायला नगरला लॉजवर उतरायचे तेव्हा तिथला दिवा काढून आपला बल्ब लावायचे आणि निघताना त्यांचा त्यांना पुन्हा बसवून द्यायचे. आठवडे बाजारात भाजी घेताना खिशातून स्प्रिंगचा काटा काढून वांगी स्वतः तोलायचे. एकदा भाजीवाली माझ्यासमोर त्यांना म्हणाली, "मास्तर, काटा घरचा आनता, आता वांगी पन घरूनच आना." सर म्हणाले, "वांगी तुझीच बरी आहेत. काट्याचं तेवढं खरं नाही."

कोणी फारच छेडलं तर ते एवढंच म्हणत, "दुसऱ्याच्या वहाणेला आपला अंगठा ठाऊक नसतो."

मोबाईलचंही तेच. तो त्यांनी आपल्याला बोलायचं असेल तेव्हा बोलण्यासाठी घेतला होता. बोलणं झालं की बंद करून खिशात. "लोकांना बोलायचं असेल तर त्यांनी भिंतीपाशी यावं," म्हणायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला ते आवडत होते का? सुरुवातीला नाही. मी शिस्तीची. माझ्या याद्या, माझी कपाटं, माझ्या वेळा तुम्हाला ठाऊक आहेत. पण शिस्त आणि विक्षिप्तपणा यांत फरक असतो, असं मला वाटायचं. एकदा परीक्षेच्या दिवशी माझं लाल पेन संपलं. शेजारच्या खुर्चीवर सर, त्यांच्या खिशात दोन लाल पेनं. मी मागितलं. ते म्हणाले, "बाई, पेन देत नाही. तुमचे पेपर द्या, मी तपासतो." आणि खरोखर चाळीस पेपर तपासून दिले. भूगोलाच्या माणसाने तपासलेलं इंग्रजी व्याकरण मला पुन्हा सगळं बघावं लागलं, ते वेगळं.

वर्गात मात्र हा माणूस निराळा व्हायचा. प्रवाळ बेटं शिकवताना फळ्याकडे पाठ करून, हात मागे नेऊन, एका दमात बेटाचं गोल कडं काढायचे. आत उथळ शांत पाणी, बाहेर खोल समुद्र, मध्ये प्रवाळाची भिंत. रंगही सांगायचे, कुठे हिरवा, कुठे निळा, कुठे जांभळा. शेजारच्या वर्गात शिकवता शिकवता मी थांबून ऐकत असे. एक दिवस एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही बघितलंय का?" भिंतीपलीकडे मला शांतता ऐकू आली. मग सरांचा आवाज, "नाही." आणि पुढचं वाक्य सुरू. त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी चहा घेतला नाही. कप धुतला आणि पालथा घातला.

समुद्र त्यांनी पाहिला होता, सहलीला, एकदा. पण ते तसं मानत नसत. "गढूळ होता. तळ दिसला नाही. तळ दिसल्याशिवाय समुद्र बघितला असं मी म्हणत नाही."

निवृत्तीनंतर सात-आठ वर्षांनी पुण्याच्या त्यांच्या मुलीने दोघांची लक्षद्वीपच्या जहाजाची तिकिटं काढली. सर भिंतीपाशी आले ते हातात कागद घेऊन. मला वाटलं आनंद सांगायला आलेत. ते म्हणाले, "बाई, एक पेच आहे. पाण्यात उतरायचा मास्क आणि नळी जहाजावर मिळते म्हणे. पोरगी म्हणते, बाबा, ओझं वाढवू नका. तुम्ही यादी करणाऱ्या आहात. यादी करा."

मी केली. कागदाच्या मध्ये रेघ मारली, एका बाजूला न्यावं, दुसऱ्या बाजूला नेऊ नये. नेऊ नये या बाजूला बरंच निघालं. चार दिवसांच्या पाण्यासाठी वस्तू विकत घ्यायची, बॅगेत जागा अडवायची, ती फुटेल म्हणून जपायची, परत आल्यावर काष्टीत तिचं करायचं काय. शिवाय जहाजावरच्या माणसांना त्यातलं कळतं, आपल्याला नाही. मी कागद त्यांच्या पुढे केला आणि म्हणाले, "जहाजावरचंच घ्या."

त्यांनी कागद वाचला, खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि दुसऱ्या बाजूला एकच ओळ लिहिली. 'जहाजावरच्या काचेला माझा नंबर नसणार.'

उणे आठचा माणूस साध्या काचेतून समुद्राचा तळ बघणार म्हणजे काय बघणार? निळा धूर.

"पायातली ती रबरी वल्ही त्यांची चालतील," सर म्हणाले. "डोळे आणि श्वास घरचा."

मास्क कुरिअरने आला. नगरचा एक चष्मेवाला त्यात नंबरच्या काचा बसवून द्यायला तयार झाला. तोवर साध्या काचांवरच सराव सुरू झाला, आणि त्यातला पहिला धक्का मी खाल्ला. सकाळी कपडे वाळत घालताना सहज भिंतीपलीकडे पाहिलं तर सर हौदापाशी गुडघ्यांवर, डोकं पूर्ण पाण्यात, हात दोन्ही बाजूंना लोंबलेले. हालचाल नाही. मी किंचाळले. तुमचे आजोबा दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन भिंत चढून पलीकडे गेले, त्या वयात, आणि त्यांनी सरांना काखेत धरून बाहेर ओढलं. सरांनी नळी तोंडातून काढली आणि म्हणाले, "अकरा मिनिटं झाली होती. घालवलीत."

पुढचा सराव ते मळ्यातल्या विहिरीत करायला लागले. मळा गावापासून दोन-अडीच किलोमीटर. तिथे त्यांचा धाकटा भाऊ शेती करायचा आणि आई राहायची. आजींचं वय नव्वदीच्या आसपास, नक्की त्यांनाही ठाऊक नव्हतं. डोळ्यांनी अधू, कानांनी तल्लख. सगळं गाव त्यांना आजी म्हणे. त्या मला मास्तरीनबाई म्हणत. थोरल्याच्या विहिरीतल्या उड्या ऐकून त्या सुनेला म्हणायच्या, "सत्तरीला आलं आन् आता पवायला लागलं माझं लेकरू."

मला एक गोष्ट ठाऊक नव्हती. त्या मास्कमध्ये पाणी शिरत होतं. नाकाखाली मिशीवर रबर नीट बसत नव्हतं आणि केसांच्या फटींतून पाणी आत येत होतं. सरांनी व्हॅसलीन लावून पाहिलं, मिशी कातरून पाहिली, काही उपयोग झाला नाही. हे त्यांनी सगळ्यांपासून लपवलं, माझ्यापासून तर नक्कीच. घरचं सामान न्यायचा हट्ट त्यांचा होता, आणि ते घरचं सामानच गळत होतं. ते कळलं असतं तर यादीत मी जिंकले असते.

आता तुम्हाला आपल्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण तिकडे मेलबर्नमध्ये हे कोणी सांगणार नाही. आपल्याकडे आई किंवा वडील गेले की मुलगा मिशी काढतो. एरवी आमच्या पिढीतला गावाकडचा माणूस मिशीला वस्तरा लावत नाही. सरांनी उभ्या आयुष्यात एकदाच मिशी काढली होती, वडील गेले तेव्हा. त्यामुळे गावात मिशीवाल्या माणसाची मिशी एकाएकी गेलेली दिसली की कोणी 'का' विचारत नाही. डोक्यावर पदर घेतात आणि त्याच्या घराकडे चालू लागतात.

जहाज निघायला अकरा दिवस राहिले होते. वहिनी खरेदीसाठी मुलीकडे पुण्याला गेलेल्या. सकाळी साडेसहाची वेळ. मी फाटकापाशी वर्तमानपत्र उचलत होते. सर घराला कुलूप लावून नगरच्या एसटीला निघाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर मिशी नव्हती. वरचा ओठ पांढराफटक, लहान मुलासारखा. त्यांनी झटकन तळहात ओठावर धरला, मान खाली घातली आणि भराभर निघून गेले.

आजी गेल्या, दुसरं काय असणार? सर मळ्याकडे न जाता एसटीकडे का गेले, हे माझ्या मनात आलं नाही. आलं असतं तरी मी म्हटलं असतं, नगरला काही कागदपत्रं आणायला, कोणा नातेवाइकाला आणायला. सरांचा फोन बंद, तो नेहमीच बंद. भावाला विचारावं तर मयताच्या घरी फोन करून "खरं का?" असं विचारतात का? मी बाहेर चूळ भरायला आलेल्या तुमच्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "दूधवाल्यानेही बघितलंय. तो आताच बोलला."

झालं. दोन साक्षीदार मिळाले. मग मी माझ्या शिस्तीला लागले, आणि मुलांनो, माझ्या शिस्तीची मला पहिल्यांदा लाज वाटली ती त्या दिवशी. मी मुख्याध्यापकांना कळवलं. निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर कळवलं. शाळेत जाऊन दर्शनी फळ्यावर, माझ्या ठेवणीतल्या अक्षरात, रंगीत खडूने चौकट आखून लिहिलं की आमचे ज्येष्ठ सहकारी भूगोल शिक्षक यांच्या मातोश्रींचं आज पहाटे वृद्धापकाळाने निधन झालं, अंत्यविधी मळ्यात. पहाटे आणि वृद्धापकाळ हे दोन्ही माझ्या मनाचं. मग चौकातून मोठा हार घेतला.

नऊच्या सुमाराला आम्ही मळ्यात पोहोचलो. चार जीपगाड्या, दोन टेम्पो, मोटारसायकली. पुरुषांच्या खांद्यांवर पंचे. बायकांनी फाटकातच रडायला सुरुवात केली, तशी पद्धतच आहे. आम्ही लिंबाला वळसा घालून अंगणात शिरलो, आणि बाजेवर आजी बसल्या होत्या. मांडीत सुपली, सुपलीत शेंगा. त्या शेंगा फोडत होत्या.

रडणं एकदम थांबलं. कोंबड्यांचा आवाज येत होता तेवढाच.

आजींनी मान वर केली. "कोन गेलं गं?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आगं, कोन गेलं? इतकी मानसं कशापायी आली?" त्यांनी सुपली बाजूला ठेवली. "धाकला हितं हाय. सून हितं हाय. थोरला कुटं हाय?" आवाज चढत गेला. "माझा थोरला कुटं हाय? कोनी बोलंना का? थोरला गेला व्हय माझा?"

त्या बाजेवरून उठायला लागल्या, पाय सापडेनात. तेव्हा मी पुढे झाले. कोणीतरी व्हायलाच हवं होतं, आणि फळ्यावर अक्षर माझं होतं.

"आजी, सर बरे आहेत. नगरला गेलेत. मी सकाळीच बघितलं."

"मग?"

"त्यांनी मिशी काढलीय."

आजी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. अधू डोळ्यांनी, पण बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी मी मेले व्हय, मास्तरीनबाई?"

"नाही, आजी."

"मग तो हार कुनाला?"

हार माझ्या दोन्ही हातांत होता. तो कुठे ठेवावा हे मला कळेना. आजपर्यंत कळलेलं नाही. धाकट्या भावाने तो माझ्या हातातून घेतला आणि गोठ्यात नेऊन टाकला.

मंडळी बसली. आता आलेच आहेत तर चहा टाका, असं झालं. कोणी हसलं, मग बरेच हसले. चांगलं आयुष्य वाढलं म्हणायचं, असं म्हाताऱ्या बायका आजींना सांगायला लागल्या. आजी हसल्या नाहीत. दुपारी सर आले. स्टँडवर त्यांना बातमी लागली होती, स्वतःच्या आईच्या मरणाची, आणि ते रिक्षाही न बघता ऊन डोक्यावर घेत धावत आले होते. बाजेवर आई बसलेली पाहून तिच्यापुढे खाली बसले. चेहऱ्यावरून घाम गळत होता, ओठ उघडा. हातात चष्मेवाल्याचा खोका, त्यात नंबरच्या काचा बसवलेला मास्क.

आजींनी हात पुढे केला. त्यांच्या ओठावरून बोटं फिरवली. मग पदर तोंडावरून ओढून घेतला आणि भिंतीकडे वळून बसल्या.

पाच दिवस त्या सरांशी बोलल्या नाहीत. सून देईल ते दोन घास खायच्या, पण सर अंगणात आले की भिंतीकडे वळायच्या. सहाव्या दिवशी सर आमच्या भिंतीपाशी आले. तो खोका आणि तिकिटांचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"बाई, हे तुमच्याकडे ठेवा. जायचं नाही."

मी विचारलं, "मिशी का काढलीत?"

"गळत होता." मग कागदाची घडी घालत, "तुमची यादी बरोबर होती."

वर्षानुवर्षं मी हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायची वाट बघत होते. ते ऐकून इतकं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं. शिवाय त्यांनी आपली वस्तू पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातात दिली होती.

मी तो खोका घेऊन मळ्यात गेले. क्षमा तर मागायचीच होती. आजी बाजेवरच होत्या. माझी चाहूल लागताच म्हणाल्या, "हार आनला का?"

"नाही आजी. चूक माझी होती. सरांवर रागावू नका."

"तुमची कशाची चूक? बिनमिशीचं बघितलं तर कोन बी तेच समजंल." त्यांनी पदर सारखा केला. "मास्तरीनबाई, आमी त्याला काय दिलं? अर्धी भाकर आन् शाळंत घातला. त्यानं बी मला काय मागू दिलं न्हाई. मी मेल्यावं माझ्यासाठी त्यानं काडायची एवढी एकच गोष्ट हुती. ती त्यानं माशांसाठी काडली."

मी खोका उघडला आणि मास्क त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपला, काचेवर नख वाजवलं, मग स्वतःच उचलून डोळ्यांना लावला.

"यातनं काय दिसतं?"

"समुद्राचा तळ."

"तळाला काय हाय?"

आता प्रवाळ म्हणजे काय हे आजींना कसं सांगायचं? मला एकदम सुचलं. "पोवळी, आजी. पोवळ्यांचं रान असतं खाली. सर चौतीस वर्षं पोरांना तेच शिकवत होते. पण त्यांनी स्वतः कधी बघितलं नाही. एका पोरीने विचारलं, बघितलंय का. नाही म्हणावं लागलं."

"न्हाई म्हनला?"

"हो."

"भर वर्गात?"

"हो."

आजींनी मास्क मांडीवर ठेवला. कनवटीची छोटी पिशवी सोडली, सुपारीचे तुकडे बाजूला सारले आणि एक लाल मणी बोटांत धरला. "माझ्या लग्नातल्या डोरल्यातलं हाय. मालक गेल्यावं बाकी सगळं सुनंला दिलं, ह्ये एक ठिवलं. पोवळं हाय न्हवं?"

"हो, पोवळंच."

"त्याला म्हनावं, ह्ये कुटनं आलं ते बघून ये. आन् आल्या आल्या मिशी ठिव म्हनावं. मी तवर थांबते. पर लई दिस लावू नको."

सर जहाजाने जाऊन आले. वहिनींनी सांगितलं की पाण्यात उतरल्यावर ते इतका वेळ वर आले नाहीत की तिथल्या माणसाने दोनदा शिट्टी वाजवली. परत आले ते आधी मळ्यात गेले. आईला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, संध्याकाळपर्यंत ते बाजेपाशी बसले होते एवढं धाकट्याने सांगितलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "फळ्यावर मी रंग चुकीचे सांगत होतो. जिवंत पोवळं बहुतेक तपकिरी असतं." चौतीस वर्षांच्या विद्यार्थ्यांना हे कसं कळवावं, याची त्यांना खरोखर काळजी लागली होती.

मिशी वाढली. आजी दर रविवारी बोटांनी तपासायच्या. आल्यागेल्याला सांगायच्या, "मी एकदा मेले हुते, मास्तरीनबाईनं फळ्यावं लिवलं हुतं." आणि अशा चार वर्षं जगल्या.

आता शेवटचं लिहिते. हे लिहायचं मी आठ दिवस टाळलं.

एका सकाळी मी भिंतीपाशी मोगऱ्याला पाणी घालत होते. पलीकडे सर येऊन उभे राहिले. वरचा ओठ उघडा, तसाच पांढरा. मी या वेळी शहाणी झालेली होते. पुन्हा तीच फजिती होऊ द्यायची नाही, असं मनाशी म्हटलं आणि हसून विचारलं, "काय सर, पुन्हा जहाज का?"

माझ्या हातातल्या झारीतून पाणी सांडत राहिलं.

"आई गेली, बाई. पहाटे."

मी झारी टाकून दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मला जे म्हणायचं होतं त्याला शब्द नव्हते, मराठीत नाहीत आणि ज्या भाषेवर मी पोट भरलं तिच्यातही नाहीत. सरांनीच भिंतीवरून हात पुढे केला. चाळीस वर्षांच्या शेजारात त्यांनी कोणाच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिला नव्हता.

"दूधवाला पण हसला," ते म्हणाले. "आईला कळलं असतं तर तिला आवडलं असतं. बाई, एक काम करा. मागच्या वेळी लिहिलं होतंत तसंच फळ्यावर लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे. लोकांना खरं वाटायला पाहिजे."

मी गेले आणि लिहिलं. चौकट आखली. शब्द तेच होते. पहाटे. वृद्धापकाळाने. या वेळी दोन्ही खरे होते. तरी फळ्यापुढे दोघे-तिघे थांबले आणि त्यांनी मला विचारलं, "बाई, नक्की ना?"

आईसाठी काढली ती मिशी सरांनी पुन्हा ठेवली नाही. ते जाईपर्यंत मी तो उघडा ओठ रोज भिंतीवरून बघत होते, आणि रोज एकदा तरी मला त्या सकाळचं माझं हसू आठवायचं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी माझा मास्क घेऊन येईन. परवा तुमच्या आजोबांना घेऊन त्याच चष्मेवाल्याकडे गेले आणि माझा नंबर दिला. त्याआधी डब्यातला सरांचा मास्क मी एकदा डोळ्यांना लावून पाहिला होता. मला त्यातून सगळं धूसर दिसलं, खिडकीसुद्धा ओळखू आली नाही. तो त्यांच्याच डोळ्यांचा आहे, दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा नाही.

तो इथे माझ्या कपाटात, वरच्या खणात आहे. नळीचं रबर कडक झालंय. काचा शाबूत आहेत. पट्टीला पांढऱ्या दोऱ्याने तो पोवळ्याचा मणी बांधलेला आहे, आणि गाठ अजून घट्ट आहे.

तुमची,
आजी